पीठ मुरेपर्यंत

"हे मधलं कापू काय, आत्याबाई?"

झुंबरबाईनं सुनेकडे असं पाहिलं, जणू करिष्मानं तिचं नाकच कापायला काढलंय.

"काऊन?"

"तासभर पीठच मुरून राह्यलं न त्याच्यात! झाकलेली परात अन् बाजूले तुम्ही. तेवढं काढलं तं व्हिडिओ हलका होते. झटक्यात मस्कतले पोचते."

"काही हलका नाही करायचा. पीठ मुरलं नाही तं शेवई तुटते. बानोले दम निघत नाही, म्हणून म्या बोलत बसली तिच्यासमोर. जसाच्या तसा जाऊ दे."

बानो म्हणजे देऊळघाटातली भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. दरवर्षी शेवयांचं काम दोघींचं. पीठ भिजवायचं, खाटेवर बसून पाटावर वळायचं ते झुंबरबाईनं, आणि खाली उतरणारे धागे झेलून काठीवर टाकायचे ते बानोनं. यंदा बानो लेकाकडे, मोईजकडे, मस्कतला गेली आणि सुनेच्या माहेरच्यांसमोर मोठ्या तोऱ्यात बोलून बसली, की ईदेला हातच्या शेवया खाऊ घालते! परातीसमोर उभी राहिल्यावर बाईला कळलं, की आपल्याला अर्ध्याच शेवया येतात.

मग फोन आला. "झुंबर, माही इज्जत तुह्या हाती आहे व!"

आधी करिष्मानं छोटासा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर तसाच पाठवला होता. तो गेला लगेच, पण इतका पुसट, की बानोला बोटं दिसेनात आणि पीठ की चुना तेही समजेना. म्हणून आज सकाळपासून सगळं नव्यानं, लख्ख घेतलं. फोन डब्याला टेकवून ठेवला, पीठ मुरेपर्यंत करिष्मा स्वयंपाकाला लागली, मग झुंबरबाईनं वळलं, करिष्मानं खाली झेललं. आता हा एवढा अवजड व्हिडिओ इंटरनेटवर चढवायचा आणि त्याची लिंक बानोला पाठवायची. ईद तर तोंडावर आलेली.

रेंज फक्त गच्चीवर. करिष्मा उन्हात फोन धरून बसली आणि खालून झुंबरबाईचा जीव टांगणीला.

"कुठवर गेला व?"

"बारा टक्के."

"म्हंजे बुलढाणा पार झालं असंन."

जेवणं झाली, भांडी झाली. "आता?"

"चाळीस."

"मलकापुरात पोचला म्हणजे जितलं. तिथून पुढं काय, रेल्वेच्या गाड्याच गाड्या."

मलकापूरच्या थोडं पुढं गेला असेल नसेल, तोच लाईट गेली. टॉवर बसला. रेंज परत आली तेव्हा व्हिडिओ मुकाट्यानं पहिल्यापासून निघाला होता. शून्य टक्के!

करिष्माचं डोकं तापलं. असं चाललं तर बानोमावशी ईदेला पाहुण्यांसमोर तोंडघशी पडणार. तिनं मनाशी ठरवलं, कापूनच टाकायचं. सासूला कुठं कळणार आहे? तिनं व्हिडिओ उघडला आणि कुठून कापावं ते शोधायला लागली.

झाकलेली परात दिसली. शेजारी झुंबरबाई, बोट रोखून बसलेली.

"फडकं उचलू नको! म्या ओळखते तुले. ऐक आता. तुह्या अंगणातली चिंच यंदा अशी लागली, का फांद्या भुईले टेकल्या. पोट्टे तोडून नेतात, म्या शिव्या देते. तुह्या कुलपाले तेल देल्लं." मग झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "करमत नाही व बानो. एवढं मोठं गाव, पण भिंतीवरून हाक माराले कोनी नाही. हे करिष्माले नको सांगू, पोरगी चांगली आहे, तिले वाईट वाटंन." लगेच परातीकडे नजर. "अजून मुरलं नाही. बस गुमान."

करिष्मानं डोळे पुसले. काही न कापता व्हिडिओ बंद केला आणि तस्साच पाठवायला लावला. दिवेलागणीला ती धडाधड जिना उतरली.

"पोचला, आत्याबाई!"

"समुद्र ओलांडला?"

"ओलांडला!"

झुंबरबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

ईदेला बानोनं फोटो पाठवला. मस्कतच्या गॅलरीत दोरीवर शेवया, शेजारी बानो. एकेक करंगळीएवढी जाड! पण चेहरा बघावा तर निवडणूक जिंकल्यासारखा.

"मेलीनं दोरखंड वळले!" झुंबरबाई हसता हसता खाटेवर आडवी झाली.

त्यावर चार-आठ दिवस गेले आणि बानोकडून एक लिंक आली. व्हिडिओ यांच्याहूनही लांब. भागवतच्या, म्हणजे करिष्माच्या नवऱ्याच्या, फोनवर तो उतरवून घ्यायला अर्धा दिवस गेला. उघडला तर समोर फडक्यानं झाकलेली परात.

"ईद तं होऊन गेली," करिष्मा म्हणाली. "आता काऊन पीठ भिजोलं मावशीनं?"

तेवढ्यात बानो परातीशेजारी येऊन बसली, ओढणी सारखी केली आणि थेट समोर पाहिलं.

"झुंबर, पीठ झाकलं म्या. तासभर तं आता काही होत नाही. बस इथं. चिंचेचं काय सांगत होती?"

झुंबरबाईनं हातातलं काम बाजूला सारलं आणि फोनसमोर मांडी घातली.

"अवं काय सांगू, बानो," तिनं सुरुवात केली.

करिष्मानं आपला फोन डब्याला टेकवला आणि हळूच लाल बटण दाबलं.