शेवटचा पट्टा लाल

आमच्या ह्यांचा जीव बोटीपेक्षा तिच्या नांगरात जास्त अडकलेला. प्रत्येक फेरीनंतर त्याला गोड्या पाण्याने अंघोळ, मग फडक्याने पुसणं, मग साखळीची नीट वेटोळी करून पेटीत ठेवणं. “अहो, तो पाण्यात बुडवायचाच असतो ना?” असं विचारलं की दिवसभर अबोला! गेल्या रविवारी तर अख्खी साखळी सोडवून धक्क्यावर पसरली आणि दर पाच मीटरवर रंगीत पट्टे मारले. कशाला, तर साखळी किती सोडली ते बघताक्षणी कळावं म्हणून.

काल ऐन खडकांजवळ इंजिन बंद पडलं आणि वारा आम्हाला खडकांकडेच ढकलू लागला. ह्यांनी पुढे धावत जाऊन नांगर टाकला. मी सुकाणू धरून बसलेली, आणि हे मोठ्या कौतुकाने ओरडतायत, “पिवळा गेला! हिरवा गेला! निळा गेला! लाल... अगं, लालही गेला, शेवटचा!”

“अहो, मग आता थांबेल ना बोट?”

रिकाम्या पेटीत बघत हे हळूच म्हणाले, “रंग ओला होता गं, म्हणून ते टोक बोटीला परत बांधलंच नव्हतं.”