बिनशिक्क्याच्या अकरा पावत्या

“मावशी, शिक्का नसलेली पावती म्हंजे चिवडा बांधाचा कागद,” वसुलीवाला धीरज म्हणाला आणि त्याने त्या अकरा पावत्या दळणाच्या डब्यावर ठेवून दिल्या. “आन ही सई पाहा. माणसानं केली का मांजरीनं पंजा मारला?”

रुख्माबाईंनी चक्की थांबविली नाही. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, “मांजरीनं मारला असन तं मांजरीले धरा. माह्या मालकानं बेचाळीस हप्ते भरले. बेचाळीसच्या बेचाळीस पावत्या हायेत.”

“एकतीस पटल्या. अकरा नाई पटल्या. व्याजासकट अडतीस हजार होतात. सोमवारी मोटार काढून नेतो.”

“चालू चक्कीची मोटार कशी काढता, तेही पाहीन. आता बाजूले व्हा, बाया खोळंबल्या.”

दळणासाठी बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. धीरज हेल्मेटवरील पीठ पुसत निघून गेला.

त्याची पाठ वळताच रुख्माबाईंनी त्या पावत्या पदराने पुसून पुन्हा मोजल्या. वडनेर येथील ती लहानशी चक्की हाच त्यांच्या संसाराचा एकमेव आधार होता. पती तानबा यांनी ती बँकेचे कर्ज काढून उभारली. पहिले एकतीस हप्ते त्यांनी हिंगणघाटच्या शाखेत खिडकीवर भरले. पुढे त्यांना दम लागू लागला, रांगेत उभे राहवेना; तेव्हा शेवटचे अकरा हप्ते त्यांनी बाहेर चहाच्या टपरीवर बँकेच्या माणसाजवळ दिले. कर्ज फिटल्याचे समाधान घेऊनच ते दीड वर्षापूर्वी निवर्तले.

रुख्माबाईंना अक्षरओळख नव्हती. तथापि त्या पावत्या त्यांनी इतक्या वेळा डब्यातून काढून न्याहाळल्या होत्या की, प्रत्येक रेघ त्यांच्या डोळ्यांत बसली होती. ती सही त्यांना गळाला लागलेल्या मासोळीसारखी दिसे. खाली दोन टिंबे.

सायंकाळी हिंगणघाटहून चंद्रभानजी आले. तानबांचे हे जुने ओळखीचे गृहस्थ गेल्या महिन्यात उशिराने सांत्वनास आले होते. त्याच दिवशी बँकेची नोटीस येऊन पडली होती. त्यांनी ती वाचली, लागोपाठ दोन गिलास पाणी प्याले आणि तेव्हापासून हे प्रकरण जणू स्वतःचेच मानले. तीन अर्ज त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले. रुख्माबाईंनी त्यांवर अंगठे उमटविले. बसभाडे त्यांनी घेतले नाही. चहासुद्धा नाही.

“घोटभर तरी घ्या, भाऊजी.”

“नको, वैनी. तुमच्या घरचा चहा मले पचाचा नाई.”

लोक काही बोलतील म्हणून ते संकोचत असावेत, असे रुख्माबाईंना वाटले.

“धीरज सोमवारी मोटार नेतो म्हणते.”

“मोटार हालू देणार नाई मी. तानबाजीनं पैसे देल्ले म्हंजे देल्ले.”

“तुमाले एवढी खात्री काऊन?”

चंद्रभानजींनी पावत्या हळूच पालथ्या करून दोरीने बांधल्या. “तानबाजी खोटं बोलणारा माणूस नव्हता,” ते म्हणाले. “उद्या बँकेत जाऊ.”

दुसऱ्या दिवशीही ते नेहमीप्रमाणे शाखेबाहेरील कडुनिंबाखाली थांबले. “काम तुमचं हाय, वैनी. तुमीच बोला.”

रुख्माबाई एकट्या आत गेल्या. शाखाधिकारी लीनाताई वर्ध्याहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी पावत्या खालीवर करून पाहिल्या.

“मावशी, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण हे पैसे बँकेत जमाच झाले नाहीत. घेणारा कोण होता?”

“मालक त्याले एजंटभाऊ म्हणत. मी कधी पायला नाई.”

“तेव्हाचे एजंट काम सोडून गेले. पैसे अमक्यानंच घेतले, हे सिद्ध झालं, तर बँक तुमच्याकडून एक रुपयाही मागणार नाही. त्या माणसावर पोलिसात तक्रार जाईल. नाही तर मला सोमवारी गाडी पाठवावी लागेल.”

“मॅडम, मी मोटारीवर बसून राहीन. मले संगंच उचला लागन.”

लीनाताई खिन्नपणे हसल्या. “तुम्ही बसाल, मला ठाऊक आहे. पण कागद बसत नाही ना, मावशी.”

रुख्माबाई बाहेर आल्या आणि घडलेले सारे त्यांनी चंद्रभानजींना सांगितले. ऐकता ऐकता त्यांनी खिशातील बसचे तिकीट काढून बारीक फाडले. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या व या प्रकरणात प्रथमच शाखेत पाऊल टाकले.

“मॅडम, एक कोरा कागद द्या.”

“आजोबा, तीन अर्ज झाले. चौथ्यानं काय होणार?”

“हा शेवटचा.”

ते लिहीत बसले. पंख्याखाली कागद फडफडत होता, म्हणून रुख्माबाईंनी त्याच्या कोपऱ्यावर पावत्यांचा गठ्ठा ठेवला. अर्धे पान भरले. आता आपले काम आले, असे जाणून त्यांनी सवयीप्रमाणे शाईच्या डबीवर अंगठा टेकविला.

चंद्रभानजींनी मान हलविली. “ह्या अर्जावर तुमचा अंगठा नाई लागत, वैनी.”

त्यांनी पेन पुन्हा कागदावर टेकविले. रुख्माबाई पाहत राहिल्या. आधी गळ उमटला, मग त्याला लागलेली मासोळी, आणि खाली, एकापाठोपाठ एक, दोन टिंबे.