जुन्या पत्त्यावरचं बाळ

"मॅडम, खात्याचा ईमेल बदलायला जुन्या ईमेलवर लिंक पाठवलीय, तिथून होकार द्या."

"अहो, ती नोकरीच सोडली मी!" हर्षला दोन महिने गर्भकेंद्राला हेच सांगत होती. बाळ तिथल्या पेटीत वाढत होतं, आणि त्याच्याशी बोलायचं खातं तिने ऑफिसच्या ईमेलवर काढलं होतं. दोन महिने तिचा आवाज बाळापर्यंत पोचला नव्हता.

शेवटी तिने आपल्या जागी लागलेल्या दीपश्रीला फोनवर गाठलं. तो ईमेल आता तिच्याकडे होता.

"लिंक आल्यात ताई," दीपश्री चाचरली. "पण पहिल्याच दिवशी केंद्राचा निरोप आला, बाळ अस्वस्थ आहे, बोला. मग मीच बोलत गेले, डबा खाताना. मला तरी इथे कोण आहे?"

"आत्ताच्या आत्ता दाब ती लिंक!"

खातं उघडलं. "सोनुल्या, मी आई तुझी," हर्षला म्हणाली. पडद्यावरची ठोक्यांची रेघ सैरभैर झाली. अंगाई म्हटली, विनवण्या केल्या, तरी रेघ शांत होईना.

मग तिने पुन्हा दीपश्रीला फोन लावला आणि तो माइकपाशी धरला.

"बोल ना गं, रोज बोलतेस तसं. मी नुसती ऐकते."