दोन नळ्या

कुरिअरवाल्याने दोन्ही नळ्या उजेडात धरल्या, नावं वाचली आणि पाकीट बंद केलं.

“लाळ पुरेशी आहे. ताई दिसत नाहीत?”

“झोपलीय,” धाकटी म्हणाली. “आठवडाभर रफू करून डोळ्यांच्या खाचा झाल्यात तिच्या.”

आई अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, मावशी गर्भाशयाच्या. डॉक्टरांनी थोरलीला तिच्याच धंद्यातलं सांगून समजावलं होतं. शरीरात रोज काहीतरी उसवतं, आतला रफूगार ते सांधतो. काही घराण्यांत तो जन्मतःच कच्चा असतो. लाळेच्या तपासणीत तसं निघालं, तर रोग यायच्या आत ऑपरेशन करायचं, जीव वाचतो.

तरी थोरली दोन महिने आज करू, उद्या करू करत राहिली होती. लहानपणीही औषधाला ती अशीच टाळाटाळ करायची. मग तिच्या वाटचं कडू औषध धाकटीच गुपचूप पिऊन टाकायची.

महिन्याने अहवाल आले. दोघींच्याही जनुकांत खोट नव्हती. धाकटी आनंदाने रडलीच. थोरलीने आपला कागद न वाचता घडी करून शिवणाच्या डब्यात टाकला.

“झालं तुझं समाधान?” ती म्हणाली.

दीड वर्षाने थोरलीचं पोट फुगू लागलं. अहवाल चांगला, म्हणून डॉक्टरांनी आधी गॅसची औषधं दिली. धाकटी तिच्या मागे लागली.

“पुन्हा एकदा ती तपासणी करू या का?”

“एकदा झाली ना? कशाला उगाच घोर लावून घेतेस?”

खरं निदान झालं, तोवर रोग पोटभर पसरला होता. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात उरलं होतं.

त्या दुपारी वॉर्डात धाकटीचा बांध फुटला.

“ताई, तुझी नळी मी भरली होती. कुरिअरवाला यायची वेळ झाली, तू भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. दोनदा हाक मारली. म्हटलं, एकाच आईच्या पोटच्या आपण, वेगळं काय निघणार? नंतर सांगायला जीभच रेटेना. मी मारलं गं तुला.”

थोरलीने धाकटीच्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाने आत सारला.

“दोनदा नाही,” ती म्हणाली. “तीनदा मारली होतीस हाक.”