पाने गुळगुळीत

“आधी नळ कुठे आहे ते सांगा,” लाँड्रीवाली म्हणाली. “फांदी जरा खळबळून देते. तुमच्या टेबलावर वाळू सांडायला नको.”

वनस्पती खात्यातल्या बाईंनी मान वर केली. त्यांच्यापुढे या लाँड्रीवालीच्याच चार फांद्या होत्या, तीन महिन्यांत टपालाने आलेल्या. चारही वेळा त्यांनी एकच उत्तर धाडलं होतं: पाने गुळगुळीत, झुडूप सामान्य. आणि सामान्य झुडपाला कोण विचारतो? सोमवारी नगरपालिका लाँड्रीमागचा हा झुडपांचा किनारा गाड्या उभ्या करायला सपाट करणार होती. म्हणून आज ती स्वतःच आली होती, हातात ताज्या फांदीची बादली आणि सोबत जाऊ.

“चार वेळा तोंडघशी पडली, तरी हिची हौस फिटेना,” जाऊ पुटपुटली.

“धुऊन देता?” बाई चमकल्या. “आधीच्याही धुतल्या होत्या?”

“म्हणजे काय! सरकारी कचेरीत मळकं पाठवायचं? एकेक पान साबण लावून ब्रशने घासलं. सगळा पांढरा मळ निघाला. वरून इस्त्री फिरवली ती वेगळीच.”

बाईंनी बादली जवळजवळ हिसकावूनच घेतली. पान बोटांत धरलं. बाळाच्या टोपड्यासारखं मऊ, दोन्ही बाजूंनी. भिंगाखाली दाट पांढरी लव उभी होती. त्यांनी दुर्मिळ झाडांचं जाडजूड पुस्तक उघडलं. खारी वाळू, पिवळी फुलं, लोकरी पानं. एकेक खूण जुळत गेली.

“अहो, हाच मळ शोधत मी अकरा वर्षं किनारे पालथे घातले!” बाई जवळजवळ ओरडल्याच. “आता कायद्याने याच्या मुळाशी कुदळसुद्धा लावता येणार नाही कुणाला.”

लाँड्रीवालीला काय करावं सुचेना. तिने जाऊलाच कडकडून मिठी मारली. जाऊने ती मारू दिली.

बाईंनी तिथूनच नगरपालिकेच्या इंजिनियरला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत राहिला. शेवटी लाँड्रीवालीने हात पुढे करून फोन घेतला.

“साहेब, मी लाँड्रीवाली. तुमचे शर्ट तयार आहेत, संध्याकाळी घेऊन जा. वाळूतून येताना तेवढं जपून या. झुडपं आहेत.”