वारा-समितीचा अध्यक्ष

“हात वर! स्ताशा, हात वर! झोपलीस काय, पोरा?”

स्ताशाचा हात वरच होता. आवाज ऐकला आणि तो खाली आला. चेंडू तिच्या कानाजवळून सणकन गेला आणि मागच्या भिंतीवर आदळला.

हॉलच्या वरच्या पायऱ्यांवर तिचा बाप ब्लाझो उभा होता. मुलीला तो लाडाने पोरा म्हणायचा, इथले सगळेच बाप म्हणतात. सरावाला त्याला कधी कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीचे आईबाप सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. खाली बारा-तेरा वर्षांच्या चौदा मुली हँडबॉल शिकत होत्या. वर एकवीस जण तो शिकवत होते.

गेल्या महिन्यात कोच देसाबाईंनी दारावर पाटी लावली : सरावाच्या वेळी फक्त क्लबच्या पदाधिकाऱ्यांना प्रवेश. निकशिचसारख्या गावात असली पाटी लावू नये. दुसऱ्याच दिवशी पालकांनी समोरच्या कॉफीच्या दुकानात सभा भरवली आणि दुसरी कॉफी येईपर्यंत सगळेच्या सगळे पदाधिकारी झाले. क्लबचा शिक्का चिटणिसाकडे होता आणि चिटणीस संघातल्या तीन मुलींचा मामा होता. कुणी चेंडूत हवा भरण्याचा प्रमुख झाला, कुणी बाटल्यांची. बुटांच्या नाड्यांना तर दोन उपाध्यक्ष मिळाले.

ब्लाझो वारा-समितीचा अध्यक्ष झाला. समोरासमोरची दोन दारं एकदम उघडी राहिली, की मधून जो वारा वाहतो, तो घामेजल्या लेकराचे कान, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं घेऊनच बाहेर पडतो. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त डॉक्टर अजून कबूल करत नाहीत. ब्लाझोने पहिल्याच दिवशी मागचं दार तारेने बांधून टाकलं. आत श्वास कोंडू लागला, मुलींचे चेहरे टोमॅटोसारखे झाले, पण वारा म्हणून कुठे उरला नाही. समितीचं काम तिथेच संपलं आणि अध्यक्ष ओरडायला मोकळा झाला.

“देसा, तिला डावीकडून का पळवतेस? आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाच्या हातून चेंडू सुटला नाही!”

“सात पिढ्यांपूर्वी चेंडू कुठे होता रे, ब्लाझो?” बाटल्यांच्या प्रमुख विदाबाईंनी विचारलं.

“नव्हता ना! मग सुटणार कसा?”

पायऱ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने ब्लाझोच हसला. मग हसता हसता वळला आणि गरजला, “स्ताशा! आता तरी पळ, दगडासारखी उभी का?”

स्ताशा पळाली. पायात पाय अडकला. चेंडू पुन्हा गेला.

बार नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी होणाऱ्या स्पर्धेची यादी आज लागायची होती. मिनीबसमध्ये दहा मुलींचीच जागा होती. स्ताशा शरद ऋतूपासून त्या बसची वाट पाहत होती. बारला समुद्र होता, आणि खिडकीजवळची जागा तिने मनात केव्हाच धरून ठेवली होती. तिला खेळता येत नव्हतं असं नाही. गेल्या गुरुवारी ब्लाझो परगावी मयताला गेला होता. त्या दिवशी तिचा हात ओढ्याच्या पाण्यासारखा वाहिला होता. दहापैकी नऊ चेंडू जाळीत गेले होते. देसाबाई शिट्टी वाजवायला विसरल्या होत्या.

सराव थांबला तशी देसाबाईंनी तिला सामानाच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

“क्लबच्या नियमात एक ओळ आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “खेळाडूने स्वतः मागितलं, तर मी कुणालाही बाहेर काढू शकते. तो समितीचा अध्यक्ष असो, नाहीतर देशाचा. तू नुसतं हो म्हण. उद्यापासून तुझे बाबा आत येणार नाहीत, आणि बारलाही नाही.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर ते वर आणि तू खाली. मग तुझ्या हातून काय होतं ते तुलाही माहीत आहे, मलाही. मी दुसरीला नेईन, बाळा. माझा नाइलाज आहे.”

स्ताशाने बुटाची नाडी सोडली. परत बांधली. परत सोडली. बाहेरून ब्लाझोचा आवाज आला. आता तो विदाबाईंच्या मुलीला शिकवत होता. “अगं, जाळीकडे बघ! माझ्याकडे काय बघतेस?” कुणीतरी खाली चेंडू सोडला आणि तो टप्पे घेत लांब गेला.

“मला बारला जायचंय, बाई,” ती म्हणाली.

“मग म्हण की हो.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने दंडाला पुसलं आणि मान हलवली. “नको. राहू दे बाबांना वर.”

“अगं वेडे, तुला आवडतं का ते ओरडणं?”

“नाही.”

“तुझ्या मैत्रिणींना आवडतं?”

“कुणालाच नाही आवडत.”

“मग कशासाठी?”

स्ताशाने नाडीची गाठ घट्ट ओढली आणि उठून उभी राहिली.

“इथे आम्ही चौदा जणी आहोत, बाई. वाटून घेतो. घरी आई एकटीच असते.”