वर्गातले सगळे हात

"पेर," नानासो गुरुजी म्हणाले आणि वर्गातले सगळे हात वर गेले.

राजेश्वरी मागच्या भिंतीशी उभी होती. हेच बघायला ती आली होती. एकही हात खाली नव्हता. गुरुजींनी एका मुलाला उठवलं. "पेरला णी लावला, पेरणी!" तो ओरडला. मग लढचं लढाई झालं, वागचं वागणूक. धातूला प्रत्यय लागत होता, नाम तयार होत होतं, एकही उत्तर चुकत नव्हतं.

"बघा मॅडम," गुरुजी हसले. "आख्ख्या पाटण तालुक्यात असला वर्ग घावायचा न्हाई."

लवकरच ते निवृत्त होणार होते. जाता जाता शाळेच्या दारावर आदर्श शाळेची पाटी लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती लागू द्यायची की नाही, हे शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून राजेश्वरी ठरवणार होती. सासरच्या आडनावामुळं त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

ती मात्र त्यांना एक दिवसही विसरली नव्हती. याच खोलीत चौथीला असताना तिचा हात रोज वर असायचा. गुरुजींनी तिला एकदाही विचारलं नाही. उन्हाळ्यात वडिलांना बोलावून म्हणाले, "आकाराम, पोरगी लय मठ्ठ हाय. रानात घाल." वडिलांनी घातली. सांगलीची मावशी येऊन घेऊन जाईपर्यंत ती लोकांच्या उसात तण भांगलत होती.

आपल्याला का विचारलं नाही, हे तिला फार पुढं एका लग्नाच्या पंगतीत कळलं. शेजारी बसलेला जुना वर्गमित्र हसत हसत सांगत होता. गुरुजी जूनमध्ये एकदाच दार लावून नियम सांगायचे. उत्तर येत असेल तर उजवा हात, येत नसेल तर डावा. तपासणीला आलेल्या साहेबाला सगळेच हात वर दिसायचे आणि गुरुजी फक्त उजव्यांनाच विचारायचे. राजेश्वरी त्या वर्षी दिवाळीनंतर शाळेत आली होती. तिला नियम कुणी सांगितलाच नव्हता. तिच्या हातातला घास तसाच राहिला.

"आता मी विचारते," म्हणत ती पुढं आली. "मळ?"

हात वर गेले. तिनं त्यातला एक डावा हात हेरला. शंभूराज नावाचा मुलगा उठला, खाली मान घालून उभा राहिला. "चढ?" पुन्हा डावा हात, एका मुलीचा. ती रडायलाच लागली. राजेश्वरीला तिच्याकडं बघवेना, पण थांबवेनाही.

गुरुजींनी कपाळ पुसलं. "मॅडम, ल्हान हायत. बुजत्यात."

"बुजतात कुठं? हात तर वर आहेत."

दाराजवळच्या एका मुलीनं डावा हात कानाला चिकटवून ताठ वर धरला होता. राजेश्वरीनं तिच्याकडं बोट केलं.

"तिला नगो," गुरुजी घाईनं म्हणाले. "अर्फा. मधीच कुपवाडवनं आलीया. लय मठ्ठ हाय."

"ये गं पुढं," राजेश्वरी म्हणाली.

अर्फानं खडू उचलला. मळणी लिहिलं. चढाई लिहिलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी खाली निवडणूकही लिहिलं. सगळं डाव्या हातानं.

"डावरी हाईस व्हय गं तू?" गुरुजी पुटपुटले.

"व्हय गुर्जी. मी रोज हात वर करती. तुमी इचारतच न्हाई."

राजेश्वरीनं तिच्याकडून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'फसव'.

"गुरुजी, याचं नाम सांगा."

गुरुजींचं शब्दाकडं लक्षच नव्हतं. ते खडू धरलेल्या हाताकडं बघत होते. तोही डावाच होता.

"आकारामची पोरगी…" ते म्हणाले.

"हात वर करा, गुरुजी," ती म्हणाली. "उत्तर येत असेल तर उजवा."

गुरुजींचा डावा हात हळूहळू वर गेला.